मापाच्या वहीतलं फूल

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात, हे मला माहीत आहे. मी अजून कॉलेजात आहे, तिसऱ्या वर्षाला. मुलुंड पूर्वेच्या एका ब्लाऊजच्या दुकानात मी दुपारी दोन ते संध्याकाळी साडेसात काम करते. त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. एवढ्या भांडवलावर कुणी आठवणी लिहीत नाही. पण या अंकाच्या संपादकबाई आमच्याकडूनच ब्लाऊज शिवून घेतात. एकदा ट्रायल घेताना पडद्याआडून म्हणाल्या, "तुमचं दुकान वहीवरून टॅबवर कसं आलं ते लिही ना. छोट्या दुकानदारांना उपयोग होईल." मी म्हटलं, "मला लिहिता येत नाही." त्या म्हणाल्या, "मग जे झालं तेवढंच लिही. आणि हा हूक जरा सरकवायला सांग."

म्हणून लिहिते आहे. ज्या बाईंबद्दल हे आहे, त्यांना मी आधी सगळं वाचून दाखवलं. वर्तक हे त्यांचं खरं आडनाव नाही. एक वाक्य त्यांनी खोडायला सांगितलं, ते खोडलं आहे.

दुकान लहान आहे. समोर काउंटर, त्यामागे कटिंगचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून माप घ्यायची जागा, आणि वर माळ्यावर दोन शिलाई मशीन. मालकीणबाई सुलभाकाकू. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम शाळेत. इथे काकू. मास्तरांना मास्तर. वर शबाना आहे, तिला काहीही म्हण, मशीन चालू असलं की तिला ऐकू येत नाही."

"सगळं ऐकू येतं हां काकू," वरून शबाना म्हणाली.

मास्तर म्हणजे परबमास्तर, कटिंग करणारे. मालवणजवळचे. सव्वीस वर्षं काकूंकडे आहेत. ब्लाऊजच्या दुकानात कटिंग मास्तर हेच खरं दुकान असतं. शिवणारे बदलले तरी चालतं, पण कापड एकदा कापलं की परत जोडता येत नाही.

मलाही आधी वाटायचं की सात मापं घेतली की ब्लाऊज झाला: छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. पण नुसत्या या आकड्यांवर शिवलेला ब्लाऊज कुणालाच नीट बसत नाही. माणसाचा एक खांदा जरा खाली असतो. माप देताना कुणी पोट आत ओढून घेतं. कुणी सांगतं, "गळा खोल ठेवा," आणि आठवड्याने येऊन म्हणतं, "अहो, एवढा कसा खोल?" हे सगळं मास्तर वहीत लिहीत नसत, खूण करत. खांद्याच्या आकड्याशेजारी टिंब म्हणजे तो खांदा उतरता. कमरेशेजारी आडवी काडी म्हणजे बाईंनी श्वास धरला होता, अर्धा इंच वाढवायचा. गळ्याखाली फुली म्हणजे सांगतील त्याहून कमी खोल कापायचा. फुलीवाल्या बायका मुलुंडमध्ये पुष्कळ आहेत.

अशा अकरा वह्या होत्या. लांबट, लाल पुठ्ठ्याच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला पानाची एक बाजू.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मास्तर टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "काकूनु, ह्या नाय, फुडल्या दिवाळीनंतर मी गावाक जातलंय. कायमचा. डोळे आता काळ्या कापडावर खडू बघूक देनत नाय."

सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी त्यांनी आम्हां सगळ्यांना बोलावलं, घरून डबाभर उपमा आणला, आणि खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "मास्तरांच्या डोक्यात जे आहे ते मास्तर इथे असतानाच बाहेर काढायचं. गेल्यावर फोन करकरून विचारायचं नाही. वह्या टॅबवर घ्यायच्या. ऑर्डर टॅबवर. ब्लाऊज तयार झाला की गिऱ्हाइकाला मेसेज. ही प्रज्ञा कॉलेजात हेच शिकते, ती करेल. पण आधी मी शिकेन."

इथे मला थोडं थांबून एक सांगावंसं वाटतं. कॉलेजात आम्हाला छोट्या उद्योगांनी तंत्रज्ञान कसं आणावं यावर एक अख्खा पेपर आहे. त्यात पुष्कळ मोठे शब्द आहेत. काकूंनी ते शब्द न वापरता जे केलं ते असं. टॅब आणण्याआधी त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला, कारण इस्त्री आणि चार्जर एकाच बोर्डावर होते आणि इस्त्री तापली की बाकी सगळं बंद पडायचं. वरच्या मजल्यावरच्या क्लासकडून उसनं घेतलेलं नेट बंद करून स्वतःचं घेतलं. मग पंधरा दिवस माझ्याशेजारी बसून स्वतःच्याच नावाने खोट्या ऑर्डरी नोंदवल्या. एकदा चुकून बाही चौतीस इंच टाकली. शबाना म्हणाली, "काकू, एवढ्या बाहीत माझी पूर्ण फॅमिली मावेल." काकू हसल्या. "आधी मी चुकते. मग तुम्ही चुका. म्हणजे कुणाला लाज वाटायची नाही."

मास्तरांचं आणि टॅबचं मात्र जमेना. त्यांच्या बोटात अंगुस्तान, शिवणकामाची ती धातूची टोपी. ते काचेवर टकटक करायचे आणि टॅब हलायचा नाही. अंगुस्तान काढलं तर बोटांना खडू.

"ह्याका माझा बोट पटणा नाय," ते म्हणाले.

"मास्तर, बोट धुऊन या ना," मी म्हटलं.

"सव्वीस वर्सां कापडाक पटला. ह्याका धुवून व्हया?"

शेवटी असं ठरलं की ते वाचून दाखवतील आणि मी भरेन. रोज तासभर. ते पान उलटायचे, मी आधी पानाचा फोटो काढायचे, मग आकडे भरायचे. प्रत्येक खुणेचा अर्थ मी विचारत असे आणि 'नोंद' नावाच्या रकान्यात शब्दांत लिहीत असे. डावा खांदा उतरता. कंबर अर्धा इंच जास्त. मला याचा फार अभिमान वाटायचा. नोंद अर्धवट असली तर ती नसल्यासारखीच, असं आमचे सर सांगतात. माझ्या घरात शिकलेलं कुणी नाही. बाबा जालन्याकडून आले, पालिकेच्या कंत्राटावर काम करतात, आई पाळणाघरात. कुठल्यातरी कामाला माझं शिक्षण पहिल्यांदाच उपयोगी पडत होतं. त्यामुळे मी एकही खूण सोडत नव्हते.

सहाव्या वहीत एका पानाच्या कोपऱ्यात टिंब, काडी, फुली यांपैकी काहीच नव्हतं. एक लहान फूल होतं. पाच पाकळ्या आणि मधे ठिपका.

"हे काय, मास्तर?"

"ता ऱ्हवांदे."

"नाही, सगळं भरायचंय. तुम्ही गेल्यावर आम्हाला कसं कळणार?"

मास्तरांनी काउंटरकडे पाहिलं. काकू त्या दिवशी दादरला अस्तराचं कापड आणायला गेल्या होत्या. ते टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, वर्तकबाईंचं अकरा वर्षांपूर्वी कर्करोगाचं ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला. त्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा काकूंनी पडद्याआड माप घेतलं. एरवी काकू आतून आकडे ओरडून सांगत आणि मास्तर लिहीत. त्या दिवशी आकडे सांगून झाल्यावर काकू थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, एक फूल काढा." का, ते नंतर दुकान रिकामं झाल्यावर सांगितलं. तेव्हापासून मास्तर त्यांच्या ब्लाऊजच्या अस्तरात डावीकडे मऊ पॅड बसवतात, असा की बाहेरून काही कळत नाही. ते पॅडही मास्तर स्वतःच शिवत, वर माळ्यावर देत नसत. शबानालासुद्धा माहीत नव्हतं.

"ह्यां लिवूचा नसता गो, काढूचा असता," मास्तर म्हणाले.

मी मान हलवली आणि लिहिलं. अगदी नीट, पूर्ण वाक्यात.

नवरात्र संपल्यावर टॅब खरोखर सुरू झाला. दिवाळी आणि लग्नसराईच्या ऑर्डरी एकत्र येतात तेव्हा आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. पहिल्याच आठवड्यात वर्तकबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या. ताठ चालणाऱ्या. सोसायटीच्या सेक्रेटरी. मुलाचं मार्गशीर्षात लग्न होतं. मोरपंखी रेशमाचं कापड त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मास्तर, मुलाच्या लग्नाचं आहे. तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका."

"बाईनु, कधी दिलंय?"

मी टॅबवर ऑर्डर घेतली. त्या गेल्या. ऑर्डर नोंदवल्याची पावती म्हणून हिरवं बटण दाबलं, मेसेज गेला.

मेसेज कुणाला गेला हे समजायला आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगायला हवी. एका इमारतीतल्या चार-पाच बायका एकत्र कापडं देतात. सगळ्यांचे ब्लाऊज तयार झाले की त्यांतली एक ते घेऊन जाते. म्हणून वहीत त्या सगळ्यांच्या पानावर एकाच बाईचा फोन नंबर असतो. वर्तकबाईंच्या पानावर त्यांच्या शेजारच्या सामंतवहिनींचा नंबर होता. मी तो तसाच उतरवला होता. आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मेसेजबरोबर नोंदीचा रकानाही जातो, हे मी तपासलं नव्हतं. काकूंच्या खोट्या ऑर्डरींमध्ये नोंद रिकामी असायची.

सामंतवहिनींच्या फोनवर गेलं ते असं: वर्तक, ब्लाऊज एक, मोरपंखी रेशीम, आणि त्याखाली माझं ते पूर्ण वाक्य.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजमधून आले तर शबाना खाली उभी होती. मशीन सोडून ती खाली कधीच येत नाही. "वाट लागली यार," ती हळूच म्हणाली. "तू टॅबमध्ये काय लिहिलंस?"

वर्तकबाई काउंटरपाशी होत्या. आवाज नेहमीसारखाच शांत होता, आणि म्हणून मला जास्त भीती वाटली.

"काल संध्याकाळी सामंतवहिनी माझ्याकडे आल्या. रडल्या. 'तुम्ही एकट्यांनी सोसलंत, आम्हाला परकं समजलात' म्हणाल्या. चांगल्या आहेत त्या. आज सकाळी माझी भाजीची पिशवी त्यांनी हातातून काढून घेतली. लिफ्टमध्ये तिघींनी मला जागा करून दिली." त्यांनी पर्सचा पट्टा सरळ केला. "सुलभाताई, कालपर्यंत मी त्या इमारतीची सेक्रेटरी होते. आता मी तिथली आजारी बाई आहे. अकरा वर्षं मी हे होऊ दिलं नव्हतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मेसेज माझ्या दुकानातून गेला, बाई. चूक माझी आहे. काय करू सांगा."

"माझं पान फाडून द्या."

मास्तरांनी सहावी वही काढली. पान सापडलं. त्यांचा हात तिथेच थांबला. "बाईनु, पाठीमागे दुसऱ्या कोणाचा माप हा."

"मग ते आधी उतरून घ्या. मी थांबते."

मास्तरांनी मागचं माप नव्या पानावर उतरवलं. मग पट्टी लावून, कापड कापावं तसं ते पान वहीतून कापलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तुझ्यातलं?"

मी टॅब उघडला. त्यांच्यासमोर नाव शोधलं आणि डिलीट केलं. नाव गेलं.

"झालं? आता कुठेच नाही?"

मला हो म्हणायचं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं, आणि खोटं आहे हे तिथे कुणालाच कळलं नसतं. पण त्या शिक्षिका होत्या, आणि ज्या नजरेने पाहत होत्या त्या नजरेसमोर मला ते म्हणता आलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "अजून आहे."

"कुठे?"

"माझ्या फोनमध्ये पानाचा फोटो आहे. काकूंच्या लॅपटॉपवर रोज रात्री एक प्रत जाते. दुकानाच्या फोनमध्ये पाठवलेला मेसेज आहे. सॉफ्टवेअर कंपनीच्या कॉम्प्युटरवर आहे. आणि सामंतवहिनींच्या..."

"ते मी बघते," त्या म्हणाल्या. "बाकीचं काढ. मी बसते." आणि मापाच्या जागेतलं स्टूल पुढे ओढून त्या बसल्या, पर्स मांडीवर घेऊन.

दोन तास त्या बसल्या होत्या. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. फोटो पुसला, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही पुसला. लॅपटॉपवरच्या सगळ्या प्रती शोधून काढून टाकल्या, दुकानाच्या फोनमधला मेसेजही. राहिली कंपनी. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, डेटा तीस दिन बाद अपने आप निकल जाएगा। पॉलिसी है।" काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. "भैया, मेरी कस्टमर इधर स्टूल पे बैठी है। वो तीस दिन इधरइच बैठेगी क्या? तुम्हारे ऊपर कौन है, उनको फोन दो।" असं तिघांपर्यंत गेलं. शेवटी लेखी अर्ज केला तर चार दिवसांत काढू, असं उत्तर आलं. मी तिथेच अर्ज लिहिला. वर्तकबाईंनी तो वाचला, एक चूक दुरुस्त केली, आणि उठल्या.

जाताना टेबलावरचं मोरपंखी कापड उचललं. मास्तरांनी अजून त्याला खडू लावला नव्हता. "हे राहू दे," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर रिकाम्या टेबलावरून मास्तरांनी दोनदा हात फिरवला.

त्या संध्याकाळी मी काकूंना म्हटलं, "मी उद्यापासून येत नाही."

"जा. पण चार दिवसांनी कंपनीचं उत्तर येईल, ते बाईंना नेऊन दाखवायचंय. अर्धं काम टाकून जायचं नाही." मग टॅबचा चार्जर काढत म्हणाल्या, "सगळं भर, असं तुला मी सांगितलं. काय भरायचं नाही हेही मीच सांगायला हवं होतं. ते मला सुचलं नाही."

घाटकोपरला घरी जाताना बसमध्ये मला सारखी एकच गोष्ट आठवत होती. पहिल्या वर्षी मी शिष्यवृत्तीचा अर्ज द्यायला खिडकीपाशी उभी होते. आतल्या क्लार्कने माझा फॉर्म पाहिला आणि त्यातला जातीचा रकाना मोठ्याने वाचला, शेजारच्याला पुढचा कागद द्यायला सांगण्यासाठी. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण रांगेतल्या माझ्या वर्गातल्या मुली वळून पाहायला लागल्या, आणि त्यांतली एक नंतर माझ्याशी फार गोड बोलायला लागली. मला तो गोडवा नको होता. जे रकान्यात आहे ते खोटं नव्हतं, मला त्याची लाजही नाही. पण कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते माझं होतं. हे मला माहीत होतं. दुकानात सगळ्यांत जास्त मलाच माहीत असायला हवं होतं. आणि तरी ते वाक्य मीच लिहिलं.

पाचव्या दिवशी कंपनीचं उत्तर छापून घेऊन मी वर्तकबाईंच्या घरी गेले. दार अर्धं उघडलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, "ठीक आहे," म्हणाल्या आणि दार लावलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या सोमवारी परत उपमा झाला. मला वाटलं, काकू टॅब बंद करतील. मास्तरांनाही वाटत होतं. ते वह्या परत टेबलाखाली लावायला लागले होते. काकू म्हणाल्या, "टॅब राहील. मास्तर पुढच्या वर्षी नसणारच आहेत. पण आपण फक्त यंत्र आणलं आणि दुकानात इतकी वर्षं जे न बोलता चालत होतं ते विचारातच घेतलं नाही. आता ते ठरवू."

जे ठरलं ते आजही चालू आहे. नोंदीचा रकाना मेसेजमधून काढला. प्रत्येकीला विचारायचं, हा नंबर कुणाचा, तुमच्या वस्तूचा मेसेज यावर गेला तर चालेल का? बहुतेक जणी हसून म्हणतात, "हो गं, त्यात काय!" दर दहा-बाराजणींमागे एक थांबते आणि दुसरा नंबर देते. आणि खुणा शब्दांत लिहायच्या नाहीत. टॅबवर बोटाने काढायच्या, चित्र म्हणून. टिंबाला टिंब, काडीला काडी. अर्थ शिकायचा तो मास्तरांकडून, तोंडाने. तिघींनीच: काकू, मी आणि शबाना. शबाना आता दुपारी दोन तास कटिंग शिकते. पहिल्यांदा तिने मुंढा, म्हणजे बाही बसते तो घेर, कापला तेव्हा मास्तर म्हणाले, "बरो हा. हाताचो नाय, पायाचो वाटता." दुसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत. शबाना म्हणाली, "काही तरी बोला ना मास्तर." ते म्हणाले, "चुकला तर बोलतंय."

आमच्या पेपरात हे सगळं कुठल्या प्रकरणात बसेल, मला नक्की सांगता येत नाही. मी परीक्षेत लिहिलं होतं. सरांनी शेजारी प्रश्नचिन्ह केलं आणि गुण दिले.

वर्तकबाईंच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात झालं. ते आम्हाला सामंतवहिनींकडून कळलं. त्या आपला ब्लाऊज न्यायला आल्या होत्या. वर्तकबाईंनी काय घातलं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच विचारवेना. शेवटी मास्तरांनीच विचारलं.

"जुनाच," वहिनी म्हणाल्या. "क्रीम रंगाचा, तुमच्याच हातचा. नव्या साडीवर. मी म्हटलं त्यांना, अहो, निदान आज तरी... तर म्हणाल्या, चांगला बसतो हा."

मास्तर आत जाऊन पाणी प्यायले. मी टॅब पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

चैत्र लागायच्या आधी, पाडव्याच्या ऑर्डरी चालू असताना एका दुपारी वर्तकबाई आल्या. सरळ काउंटरपाशी, माझ्यासमोर. पर्समधून घडी घातलेलं पान काढलं. घड्यांवर ते विरलं होतं, एका ठिकाणी तर भोकच पडलं होतं.

"हे आता टिकणार नाही. नव्या पानावर उतरून देशील? हाताने."

मी काकूंकडे पाहिलं. त्या अस्तराची घडी घालण्यात फारच गुंतल्या होत्या. मी वहीतलं एक कोरं पान घेतलं, मागे कुणाचंच माप नव्हतं हे दोनदा पाहिलं, आणि लिहायला लागले. छाती, कंबर, खांदा. त्या उभ्या राहून बघत होत्या, शिक्षिका बघतात तशा. डाव्या खांद्याशेजारी टिंब होतं, ते काढलं. मग कोपऱ्यात आले आणि थांबले. मी ते कधी काढलं नव्हतं.

मी काढलं. पाकळ्या मोजायला विसरले.

मास्तरांनी पान हातात घेतलं, चष्मा कपाळावर ढकलून अगदी डोळ्यांजवळ नेलं. "ह्यां फूल माझा न्हय. सहा पाकळ्यो!"

"असू दे," वर्तकबाई म्हणाल्या. "तुम्ही गावाला चाललात म्हणे."

"दिवाळीनंतर, बाईनु."

"मग हिचंच ओळखीचं व्हायला हवं." त्यांनी नवं पान पर्समध्ये ठेवलं. जुन्याचे चार तुकडे केले आणि टेबलाखालच्या टोपलीत, चिंध्यांमध्ये टाकले. टॅबवर आज त्यांच्या नावापुढे एवढंच आहे: पान त्यांच्याकडे.

मग त्यांनी पिशवी उघडली आणि मोरपंखी रेशीम टेबलावर पसरलं. पाच महिन्यांत त्याची घडीही मोडली नव्हती. मास्तरांनी ते हाताने सारखं केलं, खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला ओढला, आणि खडू उचलला.